निळ्या टाकीवरचा बगळा

१

आधी यू चिंग-श्यांग गेला. मग त्याची नोकरी गेली, तीही तो मेल्यानंतर.

वादळाच्या त्या दिवशी आमच्या फिंगतुंग शहराला सुट्टी जाहीर झाली होती. शाळा बंद, कचेऱ्या बंद, बाजारातली शटरं खाली. चालू होती ती फक्त 'पेलो'. पेलो म्हणजे आमच्या बोलीत बगळा. घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीचं हे नाव. अशा दिवशी खिडक्या लावून बसलेल्यांना डुकराच्या खिम्याचा भात खायची हुक्की येते, आणि कुणीतरी तो त्यांच्या दारात नेऊन द्यावा लागतो. चिंग-श्यांग पुलावरून उपाहारगृहाकडे निघाला असताना वाऱ्याने त्याची मोटरसायकल कठड्यावर आदळली आणि घासत पुढे नेली. गाडी पुलावर राहिली. तो नदीत पडला. त्याचा फोन आणि जेवणाची पेटी पाण्याबरोबर गेली ती गेलीच.

त्याची बायको फांग यी-चुन भरपाईचं विचारायला कंपनीत गेली तेव्हा तिला चहा मिळाला आणि सांगण्यात आलं की चिंग-श्यांगने त्याआधीच्या आठवड्यात काम सोडलं होतं. खातं बंद आहे, हे पाहा. आता खातं कंपनीच्या संगणकात. ते कधी बंद करायचं हे कंपनीच ठरवणार. वर आणखी एक पुरावा होता. पेलोच्या प्रत्येक स्वाराच्या गाडीच्या टाकीवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या बगळ्याचं मोठं स्टिकर असतं, आणि काम सोडणाऱ्याने ते स्वतः काढायचं असा नियम आहे. कंपनीचा माणूस म्हणाला, "वहिनी, गाडी बघून या. त्यांनी बगळे काढलेत."

यी-चुन तिथून थेट ल्याव काकांच्या गॅरेजमध्ये गेली. अपघातानंतर गाडी तिथेच ठेवली होती. टाकी निळी होती. बगळा कुठेच नव्हता.

वादळाच्या सकाळी रेनकोट घालणाऱ्या नवऱ्याला तिने दारातून पाहिलं होतं. त्याच्या गुडघ्याला लागून बगळा होता. हे ती शपथेवर सांगायला तयार होती. पण मेलेल्या माणसाच्या बायकोची शपथ कोण ग्राह्य धरतो?

ती माझ्या आत्याकडे आली.

२

माझी आत्या ओउयांग स्यू-च्यिन विमा कंपनीत अपघातग्रस्त गाड्यांची तपासणी करायची. निवृत्त होऊनही तिची नजर निवृत्त झाली नव्हती. गुडघा मात्र झाला होता, म्हणून मी तिला गाडीवरून नेतो-आणतो. मी इथल्या वर्तमानपत्रात बातम्या लिहितो, त्यामुळे तिच्या मते मला बराच वेळ रिकामा असतो.

सगळं ऐकून घेताना ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. शेवटी तिने टरफलं ताटलीत आपटली.

"माणूस जिवंत असता तर त्याला काढून टाकायची नोटीस द्यावी लागली असती," ती म्हणाली. "मेलेल्याला तेवढंही नाही. चल रे आ-लुन, गाडी काढ."

यी-चुनही आमच्याबरोबर निघाली. ल्याव काकांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचा पत्र्याचा आडोसा. आतमध्ये खोललेल्या स्कूटर, ऑइलचे डबे, भिंतीला टांगलेलं गरम हवेचं यंत्र. काका सुपारी चघळत बाहेर आले आणि आत्याने विचारण्याआधीच सांगून मोकळे झाले की त्यांनी त्या गाडीला हात लावलेला नाही. आम्ही काही आरोप करतोय असं त्यांना वाटलं असावं.

आत्या गाडीपुढे स्टुलावर बसली. मीही पाहिलं, आणि जे पाहिलं ते सांगतो. गाडी डाव्या अंगावर पडली होती. डाव्या बाजूला टाकीवर कठड्याचे लांब ओरखडे होते, पुढून मागे गेलेले, काही दाट, काही तुटक. उजवी बाजू धड होती. दोन्ही बाजूंना, नीट उजेडात पाहिलं तर, बगळा होता तिथला रंग भोवतालच्या रंगापेक्षा किंचित गडद होता. उन्हापासून झाकलेला राहिला होता ना. यात कंपनीच्या म्हणण्याला बाध काहीच येत नव्हता. बगळे होते हे तेही मान्यच करत होते. प्रश्न एवढाच होता, ते निघाले कधी.

मला मात्र निराळंच नवल वाटलं. काम फार सुबक झालं होतं. स्टिकर काढायला लोक सुरी घालतात, नखाने ओरबाडतात, नाहीतर थिनर ओततात आणि रंगाची वाट लावतात. इथे पात्याची एक खूण नव्हती, गोंदाचा एक ठिपका नव्हता. आत्या टाकीखालच्या सांध्यात नाक घालून हुंगत होती. तिने मला बोलावलं. वास ओळखीचा होता. डोकं दुखलं, डास चावला, गाडी लागली की आमच्याकडे जे हिरवं तेल कपाळाला लावतात, ते.

"थिनरने रंग जातो," आत्या म्हणाली. "या तेलाने गोंद तेवढा सुटतो. आधी ऊब द्यायची, मग मासे धरायची तंगूस स्टिकरखालून करवतीसारखी हळूहळू ओढायची आणि उरलेला गोंद तेलाने पुसायचा. फार वेळ लागतो. असा वेळ कोण देईल?"

काकांनी आपल्या कामाचा नमुना म्हणून शेजारची स्कूटर दाखवली. तिच्यावरचं जुनं स्टिकर त्यांनी काढलं होतं. पात्याच्या रेघांनी ती बोक्याने बोचकारल्यासारखी दिसत होती. काका थोडे ओशाळले. संशयातून मात्र ते आपोआप सुटले.

आत्याने किल्ली फिरवून सीट उचलली. सीटच्या आतल्या बाजूला प्रत्येक पेलो स्वाराचा क्रमांक चिकटवलेला असतो. तोही गेला होता. पण त्याच्याच शेजारी, बोटभर अंतरावर, गाजर खाणाऱ्या सशाचं एक स्टिकर जागच्या जागी होतं. चिंग-श्यांगच्या मुलीने ते लावलं होतं. त्याची कडासुद्धा उचकटलेली नव्हती.

गाडीपाशी कोण कोण आलं होतं, हे काकांनी आठवून सांगितलं. कंपनीचे व्यवस्थापक शू साहेब आले नव्हते, फक्त गाडी तिथेच आहे ना असं फोनवर विचारत होते. येऊन गेले दोघेच. एक यी-चुनचा थोरला भाऊ क्वो-शेंग. दुसरा चिंग-श्यांगचा दोस्त, च्यान पो-थाई. दोघांनीही काकांना जेवायला जा म्हणून सांगितलं होतं, मी बसतो इथे.

बाहेर आल्यावर यी-चुनचा चेहरा पांढरा पडला होता. दोघांपैकी एक तिच्या घरचा होता आणि दुसरा घरच्यासारखा.

३

क्वो-शेंग घरीच सापडला. बहिणीपुढे त्याने काहीच लपवलं नाही. गाडी विकायची त्याच्या मनात होती. ती दारात आली की यी-चुन रोज तिच्याकडे बघत बसेल, त्यापेक्षा गेलेली बरी, असं त्याला वाटत होतं. गिऱ्हाईकही त्याने पाहून ठेवलं होतं.

"विकायची तर गाडी साफ करावी लागते," आत्या म्हणाली.

"करणार होतो. पण तिला विचारायचा धीर झाला नाही," तो म्हणाला, आणि यी-चुनने त्याच्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघू लागलो. त्याच्या खिशातून हिरव्या तेलाच्या बाटलीचं टोपण डोकावत होतं. पण ते काय, माझ्याही खिशात होतं.

पेलोची कचेरी थंडगार होती. भिंतीवर बगळा, कपांवर बगळा, शू मिंग-चे साहेबांच्या शर्टाच्या खिशावर बगळा. साहेब तरुण होते आणि सारखं 'दुर्दैवी' म्हणत होते. घटना दुर्दैवी होती, वेळ दुर्दैवी होती, वहिनींचा गैरसमज दुर्दैवी होता. वादळात ऑर्डरी चालू ठेवणं दुर्दैवी होतं का, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी ग्राहकांच्या सोयीवर एक छोटं भाषण केलं.

आत्याने त्यांना बोलू दिलं. अपघातानंतर तुम्ही गाडी पाहिली का, असं तिने साधेपणाने विचारलं. नाही म्हणाले, पाहायची वेळच आली नाही, कर्मचारी आमचा नव्हता ना. मग बगळे त्यानेच काढले हे कशावरून?

"आजी, सगळंच काढलंय," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "टाकीवरचे बगळे, सीटखालचा क्रमांक, सगळं. काम सोडणारा माणूसच एवढं करतो."

आत्याने मान हलवली, त्यांचे आभार मानले आणि काठी टेकत उठली. जिन्यात तिने माझा दंड घट्ट धरला. गुडघ्यासाठी नव्हे, तिला राग आवरत नव्हता.

"न पाहिलेल्या गाडीच्या सीटखालचं त्याला दिसतं," ती म्हणाली. "देवळातल्या मूर्तीलासुद्धा एवढं दिसत नाही."

४

च्यान पो-थाई, म्हणजे आ-थाई, सोयादूध आणि तळलेल्या पावाच्या दुकानाबाहेर भेटला. त्याच्या अंगावर नवं जाकीट होतं. पेलोच्या स्वारांवर देखरेख करणाऱ्या गटप्रमुखाचं. यी-चुनला पाहताच तो उभा राहिला, खुर्ची पुसून तिला बसवलं, मुलीची शाळा कशी चाललीय विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. हे मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं, आणि म्हणूनच माझा संताप जास्त आहे.

त्याने सांगितलं ते असं. तो आणि चिंग-श्यांग लष्करी सेवेपासूनचे मित्र. ती मोटरसायकल भंगारातून आणून दोघांनी मिळून घासली होती, समुद्रासारखा निळा हवा म्हणून स्वतः रंग कालवला होता. काम सोडण्याबद्दल चिंग-श्यांग काही बोलला होता का? हो, म्हणाला, वैताग आलाय असं बोलायचा खरा. नक्की कधी, ते आठवत नाही. आणि गॅरेजमध्ये कशाला गेला होता? नुसता गाडीजवळ बसायला.

आत्याने आणखी काही विचारलं नाही. यी-चुननेच विचारलं.

"त्या सकाळी तुम्ही दोघं चौकात भेटला होतात ना, आ-थाई? त्याच्या गाडीवर बगळा होता की नाही?"

आ-थाईने दुधाची वाटी बाजूला सारली.

"पाऊस होता वहिनी," तो म्हणाला. "काही दिसत नव्हतं."

परतताना यी-चुन एकच वाक्य बोलली. तिच्या लग्नात पाहुणे नवऱ्यामुलाला आग्रहाने पाजत होते, तेव्हा त्याच्या वाटणीची दारू आ-थाईने पिऊन त्याला वाचवलं होतं. आत्या म्हणाली, यी-चुनच्या तक्रारीवर कामगार कार्यालयात तडजोडीची सुनावणी आहे, तिथे गाडीची टाकी उतरवून न्यायची. आणि वाटेत तिने मला औषधाच्या दुकानाशी थांबवून घामोळ्यांची पावडर विकत घेतली.

५

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. अधिकारी बाई मधोमध, एका बाजूला शू साहेब आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. आ-थाईला कंपनीने साक्षीदार म्हणून आणलं होतं. क्वो-शेंगने निळी टाकी चादरीत गुंडाळून उचलून आणली आणि बाळाला ठेवावं तशी टेबलावर ठेवली.

कंपनीचं म्हणणं वकिलाने पुन्हा मांडलं: काम सोडलं, बगळे काढले, मग अपघात झाला. खासगी कामाला निघालेल्या माणसाशी कंपनीचा काय संबंध?

आत्याने टाकीची डावी बाजू वर केली. "म्हणजे पुलाच्या कठड्यावर ही टाकी घासली तेव्हा तिच्यावर बगळा नव्हता. असंच ना?"

"असंच," शू साहेब म्हणाले.

तिने कापसाच्या बोळ्यावर पावडर घेतली आणि ओरखड्यांवर चोळली. मग कोरड्या फडक्याने वरचा थर पुसून टाकला. पावडर ओरखड्यांच्या आत राहिली. निळ्या रंगावर पांढऱ्या रेघा उमटल्या, पुढून मागे, दाट, पाऊस पडल्यासारख्या. आणि मधोमध त्या सगळ्या रेघा एका काठाशी येऊन थांबल्या होत्या आणि दुसऱ्या काठापासून पुन्हा सुरू झाल्या होत्या. मधली जागा अख्खी निळी होती. लांब मान, वाकडी चोच, दुमडलेला एक पाय.

गॅरेजमध्ये 'काही तुटक' म्हणून मी सोडून दिलेले ओरखडे ते हेच.

"बगळा आठवड्यापूर्वी काढला असता तर ओरखडे त्या जागेवरूनही गेले असते," आत्या म्हणाली. "गेले नाहीत, कारण घासणं बगळ्याने सोसलं. तो तेव्हा टाकीवर होता. अपघातानंतर कुणीतरी तो काढला, आणि रंगाला धक्का न लावता काढला. पात्याने ओरबाडला असता, थिनर ओतला असता, तर हे ओरखडेही त्या खरडण्यात मिसळून गेले असते, आणि मी इथे काहीच दाखवू शकले नसते."

शू साहेबांचा रंग उतरला. पण ते लगेच सावरले. असं असेल तर ते कंपनीच्या नकळत घडलं, म्हणाले. घरच्या कुणीतरी गाडी विकण्यासाठी साफ केली असेल. भाऊ गिऱ्हाईक शोधत होता असं कानावर आहे. सगळ्यांच्या नजरा क्वो-शेंगकडे वळल्या. तो अर्धा उठला आणि यी-चुनने त्याचा हात ओढून त्याला खाली बसवलं.

"विकणारा माणूस गाडीवरचं सगळं काढतो," आत्या म्हणाली. "गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या मुलीचा ससा कशाला हवा? इथे क्रमांक निघाला, आणि त्याला खेटून असलेला ससा राहिला. काढणाऱ्याला फक्त पेलोचं नाव पुसायचं होतं. आणि तो ससा कुणी लावला हे त्याला माहीत होतं. त्याला हात लावणं त्याच्याने झालं नाही." ती शू साहेबांकडे वळली. "आणि साहेब, गाडी न पाहताच सीटखालचा क्रमांक गेल्याचं तुम्ही मला आणि माझ्या भाच्याला सांगितलंत. तुम्हाला ते काढणाऱ्यानेच कळवलं असणार. क्वो-शेंगला तुम्ही ओळखतही नव्हता. गाडीपाशी आलेला तिसरा माणूस नाही. उरतो तो एकच."

आ-थाईला उठायला सांगावं लागलं नाही. तो उभा राहिला, जाकिटाची चेन उघडली, जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. मग यी-चुनकडे न बघता बोलू लागला.

"साहेब म्हणाले, गाडी कोरी करून दे. नाहीतर वादळात स्वारांना बाहेर काढल्याबद्दल कंपनी बंद पडेल, तुम्हा सगळ्यांच्या चुली विझतील. आणि गटप्रमुखाची जागा रिकामी आहे, असंही म्हणाले. मी घरून केस वाळवायचं यंत्र नेलं होतं. ऊब देत होतो आणि रडत होतो. पण काढला."

"मग एवढ्या निगुतीने कशाला काढलास?" आत्याने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "सुरीने ओरबाडायचा होता."

"तो रंग आम्ही दोघांनी मारला होता," आ-थाई म्हणाला.

यी-चुन उठून त्याच्यासमोर गेली. मला वाटलं थोबाडीत मारेल. तिने मारलं नाही.

"रंग जपलास," ती म्हणाली. "त्याला मात्र नदीत एकटा सोडलास, नोकरीवरचा माणूस म्हणून मरूसुद्धा दिलं नाहीस." आणि ती आपल्या जागेवर येऊन बसली.

अधिकारी बाईंनी आ-थाईचं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. वकील शू साहेबांच्या कानाला लागला. दुपार व्हायच्या आत कंपनीने मान्य केलं, की यू चिंग-श्यांग मेला तेव्हा पेलोच्या कामावर होता. त्या एका वाक्यासाठी एवढं सगळं करावं लागलं.

६

बातमी मी लिहिली. पण ती छापून यायच्या आधीच सगळ्या स्वारांना कळली होती. ते पेलोच्या कचेरीसमोरच्या रस्त्यावर जमले. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. एकेकाने गाडी आणून ओळीत उभी केली. सोयादुधाच्या दुकानदारिणीने खिडकीतून वायर सोडली, कुणी केस वाळवायचं यंत्र आणलं, कुणी मासेमारीची तंगूस. आणि त्यांनी बगळे काढायला सुरुवात केली. ऊब द्यायची, कडा सोडवायची, दोरी ओढायची. निघालेले बगळे ते कचेरीच्या काचेच्या दारावर चिकटवत होते. थोड्या वेळाने आतलं काही दिसेनासं झालं. शू साहेब आत होते की नव्हते, ठाऊक नाही.

आ-थाई रस्त्याच्या पलीकडे उभा होता. त्याच्याशी कुणी बोललं नाही, त्याला कुणी हाकललंही नाही. काही वेळाने तो चालत निघून गेला.

मी यी-चुनला घेऊन आलो होतो. ती ओळीच्या कडेने हळूहळू चालत होती. एका लाल गाडीपाशी थांबली. ऊब द्यायची वाट न बघता स्वार रागारागाने किल्लीच्या टोकाने बगळा खरवडत होता, आणि लाल रंगाचे कपचे उडत होते.

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"असं नको," ती म्हणाली. "बगळा त्यांचा आहे. रंग तुझा आहे."